शिक्षा संपल्यानंतरची पाच वर्षे

शिक्षा भोगून तुरुंगाबाहेर आलेल्या माणसाला पुन्हा बंदूक बाळगण्याचा अधिकार मिळावा काय, हा प्रश्न अमेरिकेत गेली काही वर्षे न्यायालयांना आणि वृत्तपत्रांना पुरून उरला आहे. आपल्याकडे तो फारसा कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर आपल्या शस्त्र अधिनियमात लिहून ठेवलेले आहे. परंतु ते बहुतेकांच्या गावी नाही. १९५९ च्या या अधिनियमाचे नववे कलम असे सांगते की, हिंसेचा अथवा नैतिक अधःपतनाचा अंतर्भाव असलेल्या गुन्ह्याबद्दल ज्याला कारावासाची शिक्षा झाली, मग ती कितीही मुदतीची असो, त्याने शिक्षा संपल्यापासून पाच वर्षेपर्यंत अग्निशस्त्र किंवा दारूगोळा जवळ बाळगता कामा नये. पाच वर्षे उलटली की ही मनाई आपोआप उठते. त्यासाठी कोणाकडे विनंतीअर्ज करावयाचा नाही, की कोणत्या न्यायालयाची पायरी चढावयाची नाही. कायद्यापुरता तो माणूस इतर अर्जदारांच्या रांगेत येऊन उभा राहतो.

या रांगेत पुढे काय होते, हे पाहण्यासाठी वसई-विरारइतके सोयीचे उदाहरण दुसरे मिळणार नाही. समजा, नव्वदच्या दशकात वसई तालुक्यातल्या एखाद्या गावी बांधावरून तंटा झाला, काठ्या चालल्या, आणि विशीतल्या एका तरुणाला दुखापतीच्या गुन्ह्याबद्दल सहा महिन्यांची शिक्षा झाली. ती त्याने भोगली. घरी वडिलांच्या नावावर बारा बोअरची जुनी बंदूक होती. वडिलांच्या पश्चात ती आपल्या नावावर व्हावी, असे त्याला आज वाटते. पाच वर्षांची मनाई उठून दोन तपे होऊन गेली आहेत. ३१ जुलै २०१४ पर्यंत त्याचा अर्ज ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला असता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, तेव्हा तो पालघरला गेला असता. १ ऑक्टोबर २०२० पासून मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय अस्तित्वात आले आणि परवान्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आला. तीन कार्यालये, तीन दप्तरे. या स्थलांतरात अर्जदारांची कागदपत्रे सुखरूप पोचली की नाही, हे ज्याचे त्यानेच शोधावे. पोलीस ठाण्यातली जुन्या गुन्ह्याची नोंद मात्र सहसा गहाळ होत नाही.

आयुक्तालय झाल्याने एक बदल असा घडला आहे की ज्याची चर्चा व्हावयास हवी होती आणि झाली नाही. पूर्वी पोलीस ठाण्याने अहवाल द्यावयाचा आणि निर्णय महसूल खात्यातल्या जिल्हाधिकाऱ्याने घ्यावयाचा, अशी विभागणी होती. जिल्हाधिकारी पोलिसांचा अहवाल बहुधा मान्य करीत. तथापि तो नाकारण्याची मुभा असलेला एक परका माणूस मध्ये बसलेला असे. आता अहवाल देणारे आणि निर्णय घेणारे एकाच खात्याचे. इतकेच नव्हे, तर शांतता राखण्याबद्दल किंवा चांगल्या वर्तणुकीबद्दल बंधपत्र लिहून घेण्याचे जे अधिकार पूर्वी तहसीलदार व प्रांत यांच्याकडे असत, तेही आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस अधिकाऱ्यांकडे येतात. लोकांच्या बोलीत ज्याला 'चॅप्टर केस' म्हणतात ती हीच. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणावरून हे नाव रूढ झाले. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन नवी आली, तरी बोलीतला 'चॅप्टर' काही गेलेला नाही. निवडणूक आली, गणेशोत्सव आला, की जुन्या याद्या बाहेर निघतात आणि माणसांना बोलावणी जातात. शस्त्र अधिनियमाच्या त्याच नवव्या कलमात अशी तरतूद आहे की, असे बंधपत्र लिहून दिलेल्या माणसाला त्या बंधपत्राच्या मुदतीत बंदूक बाळगता येत नाही. म्हणजे ज्याचा कोणताही गुन्हा सिद्ध झालेला नाही त्यालाही मनाई लागू होते. आणि ज्याची पाच वर्षे केव्हाच भरली त्याला, जुन्या यादीत नाव असल्यामुळे, ती नव्याने लागू होऊ शकते.

याहून मोठी अडचण चौदाव्या कलमात आहे. परवाना कोणाला नाकारावा हे तेथे सांगितले आहे: ज्याला कायद्याने मनाई आहे त्याला, ज्याचे चित्त ठिकाणावर नाही त्याला, सार्वजनिक शांततेसाठी नाकारणे आवश्यक वाटेल त्याला, आणि शिवाय जो 'कोणत्याही कारणास्तव' परवान्यास अयोग्य असेल त्यालाही. नवव्या कलमाने पाच वर्षांची सीमा आखावयाची आणि चौदाव्याने ती पुसण्याची सोय करून ठेवावयाची, असा हा प्रकार आहे. 'अर्जदारावर पूर्वी गुन्हा दाखल असल्याने शिफारस नाही' एवढे एक वाक्य अहवालात पडले की पुरते. गुन्हा कधीचा, शिक्षा कधी संपली, त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत त्या माणसाचे वर्तन कसे होते, याचा उल्लेख त्या वाक्यात असतोच असे नाही.

हे वाचून कोणी असे म्हणेल की, नसेना का मिळाली बंदूक. बंदुकीवाचून कोणाचे अडले आहे? आक्षेप रास्त आहे, आणि वसई-विरारच्या रहिवाशाने तो घेतला तर अधिकच रास्त. या पट्ट्यात शेतजमिनींचे भूखंड झाले, भूखंडांच्या इमारती झाल्या, आणि त्या व्यवहारांच्या मागोमाग पिस्तुले आली. १९८९ च्या ऑक्टोबरात नालासोपारा रेल्वे स्थानकावर एका बांधकाम व्यावसायिकाला गोळ्या घालून ठार करण्यात आले. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना त्याची आठवण करून देण्याची गरज नाही. मात्र अशी माणसे परवान्यासाठी रांगेत उभी राहत नाहीत. अर्जावर अंगठ्याचे ठसे देणारा, छायाचित्र चिकटवणारा, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र जोडणारा आणि जुनी शिक्षा स्वतःच्या हाताने रकान्यात लिहिणारा माणूस निराळा असतो. त्याला परवाना द्यावाच असे नव्हे. त्याला नकार मिळाला तर तो त्याच्या आजच्या स्थितीवरून मिळावा.

शस्त्र बाळगणे हा भारतात मूलभूत हक्क नाही, आणि तसे होणे हिताचेच झाले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी सारा देश निःशस्त्र केला, याचा राग राष्ट्रीय चळवळीला प्रारंभापासून होता. गांधीजींसारख्या अहिंसावाद्यानेही इंग्रजी राजवटीच्या काळ्या कृत्यांत त्या कायद्याला अग्रस्थान दिले होते. १९३१ च्या कराची काँग्रेसनंतर तयार झालेल्या मूलभूत हक्कांच्या यादीत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट होता. स्वराज्य आल्यावर मात्र पारडे फिरले. १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी हा हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती बारगळली. घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात 'शांततेने व विनाशस्त्र' एकत्र जमण्याचा हक्क तेवढा राहिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, विनापरवाना शस्त्रांच्या एका प्रकरणात, अमेरिकेसारखा शस्त्राचा मूलभूत हक्क आपल्या घटनेत नाही याची आठवण करून दिली.

हक्क नाही हे मान्य केल्यावरही कायद्याने घातलेली मुदत पाळण्याचा प्रश्न शिल्लक राहतोच. सवलत म्हणून दिलेली गोष्टसुद्धा सरकारने लहरीने नाकारू नये, ही अपेक्षा गैर नाही. किंबहुना अधिनियम करणाऱ्यांना तिची जाणीव असावी. कारण नकार देताना कारणे लेखी नोंदवली पाहिजेत, आणि सार्वजनिक हिताची बाधा नसेल तर अर्जदाराने मागितल्यास ती त्याला कळवली पाहिजेत, असे चौदाव्या कलमातच म्हटले आहे. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारू नये, असेही तेथे आहे. हे पोटकलम वाचून अनेक परवानाधारकांना आश्चर्य वाटेल. नुसता खटला प्रलंबित आहे म्हणून परवाना रद्द करता येत नाही, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाला तर वारंवार सांगावे लागले आहे.

आता 'शिक्षा संपल्यापासून' या शब्दांकडे वळू. संजय दत्त याला शस्त्र अधिनियमाखाली विशेष न्यायालयाने २००७ साली सहा वर्षांची शिक्षा दिली. २१ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पाच वर्षांवर आणली. सूट मिळून २५ फेब्रुवारी २०१६ रोजी तो येरवड्याहून बाहेर पडला. त्याआधी २००९ साली लखनौहून लोकसभेला उभे राहण्यासाठी दोषसिद्धी स्थगित करावी, ही त्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केली होती. निवडणूक लढविण्याची बंदी सुटकेनंतर सहा वर्षांची आहे, आणि लोकप्रतिनिधित्व कायद्यात 'सुटका' हाच शब्द आहे. शस्त्र अधिनियमात शब्द आहे 'शिक्षेची समाप्ती'. सूट मिळून लवकर सुटलेल्या कैद्याची शिक्षा फाटकाबाहेर पाऊल पडले त्या दिवशी संपते, की न्यायालयाने सांगितलेली मुदत कागदावर पुरी होते त्या दिवशी? काही महिन्यांचाच फरक. पण नामांकित वकील नसलेल्या माणसाला तो कोण समजावून सांगणार?

सूट आणि माफी यांत तर जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सुटीने तुरुंगातले दिवस कमी होतात, न्यायालयाचा निकाल जसाच्या तसा राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने आसाममधील एका निवडणूक प्रकरणात फार पूर्वीच स्पष्ट केले. माफीने निकालाचाच परिणाम पुसला जातो. महाराष्ट्राला माफीचे ठळक उदाहरण ठाऊक आहे ते नौदलातील कमांडर नानावटी यांचे. एप्रिल १९५९ मध्ये, रात्री एकट्याने मोटारीने अहमदनगरला जावयाचे आहे अशी सबब सांगून त्यांनी जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतले, आणि त्याच रिव्हॉल्व्हरने प्रेम आहुजाचा अंत झाला. जन्मठेप झाली, १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. असा मार्ग किती जणांना खुला असतो हे सांगावयास नको. सामान्य माणसाला त्यापेक्षा जवळचा मार्ग म्हणजे १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम. न्यायालयाने तुरुंगात न धाडता समज देऊन अथवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले, तर दोषसिद्धीला चिकटलेली कोणतीही अपात्रता त्या माणसाला लागू होत नाही, असे त्याचे बारावे कलम निःसंदिग्धपणे सांगते. पहिल्याच लहानसहान गुन्ह्यात सापडलेल्या किती तरुणांचे वकील या कायद्याचे नाव न्यायाधीशांपुढे काढतात, याची कोणीतरी एकदा पाहणी करावी.

परदेशांत काय आहे? ब्रिटनच्या १९६८ च्या कायद्यात तीन वर्षे वा अधिक शिक्षा झालेल्याला कायमची बंदी, आणि तीन महिन्यांपासून तीन वर्षांच्या आतल्या शिक्षेला पाच वर्षांची. शिवाय बंदी उठवून घेण्यासाठी न्यायालयात अर्ज करण्याची सोय. अमेरिकेत नेमके उलटे घडले. तेथे शस्त्र हा घटनादत्त हक्क. पण एक वर्षाहून अधिक शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला केंद्रीय कायद्याने जन्मभराची बंदी. ती उठविण्याची तरतूद कायद्यात होती. परंतु १९९२ पासून काँग्रेसने तिच्या अंमलबजावणीसाठी पैसाच देणे बंद केले. अर्ज करण्याचा अधिकार शाबूत, अर्ज वाचावयाला मात्र कोणी नाही, अशी ती अवस्था होती. १९९५ साली सरकारी अन्नसाहाय्य मिळविण्यासाठी खोटी माहिती दिल्याबद्दल दोषी ठरलेल्या पेनसिल्व्हेनियातील एका माणसाला शेवटी न्यायालयात जावे लागले, आणि २०२३ व २०२४ साली तेथील केंद्रीय अपील न्यायालयाने, ही आजन्म बंदी त्याला लागू करणे घटनेशी विसंगत आहे, असा निर्वाळा दिला. २०२५ साली तेथील न्याय खात्याने तो निद्रिस्त अधिकार पुन्हा जागा करण्यास आरंभ केला.

या तुलनेत आपला पाच वर्षांचा नियम समंजस वाटतो. विसंगती दिसते ती त्याच्या शेजारी दुसरा कायदा ठेवून पाहिल्यावर.

विरार, नालासोपारा, वसई येथून पहाटेच्या लोकलने मुंबईकडे जाणाऱ्यांत गणवेशाची पिशवी काखेला लावलेले सुरक्षारक्षक किती तरी असतात. सोसायटीच्या फाटकावर, बँकेच्या एटीएमपाशी, गोदामाच्या दारात बारा-बारा तास उभे राहावयाची ही नोकरी. शिक्षण बेताचे, वय उलटत चाललेले, अशा माणसाला ती त्यातल्या त्यात सहज मिळते. खासगी सुरक्षा संस्थांचे नियमन करणारा २००५ चा केंद्रीय कायदा या नोकरीला लागू आहे, आणि त्याच्या दहाव्या कलमात असे म्हटले आहे की, न्यायालयाने दोषी ठरविलेल्या कोणाही व्यक्तीला सुरक्षारक्षक किंवा पर्यवेक्षक म्हणून नेमता येणार नाही. येथे पाच वर्षे नाहीत, दहा नाहीत. कोणतीच मुदत नाही. गुन्हा हिंसेचा असावा, नैतिक अधःपतनाचा असावा, अशी अटही नाही. याचा अर्थ असा की, बांधावरच्या तंट्यात सहा महिने भोगून आलेल्या आपल्या त्या वसईकराला पाच वर्षांनंतर स्वतःच्या संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मागता येतो. पण साठाव्या वर्षीही त्याला हातात काठी आणि शिट्टी घेऊन दुसऱ्याच्या इमारतीच्या दाराशी बसता येत नाही. बंदुकीच्या बाबतीत संसदेने दाखविलेला विश्वास शिट्टीच्या बाबतीत दाखविला गेला नाही. ज्याच्याजवळ चार पैसे आहेत त्याचा हक्क कालांतराने परत येतो, आणि ज्याला नोकरीची गरज आहे त्याचा येत नाही. दोन निरनिराळ्या काळांतील संसदांनी निरनिराळे विचार केले, एवढेच याचे स्पष्टीकरण संभवते. ते समाधानकारक मात्र नव्हे.

शिक्षक, कारकून आणि नोकरीच्या शोधातले विद्यार्थी यांना शस्त्रपरवान्याशी सहसा कर्तव्य नसते. पोलीस पडताळणीचा अर्ज मात्र त्यांतील पुष्कळांना भरावाच लागतो, आणि जुन्या नोंदीचा प्रश्न तेथेही तोच आहे. हरियाणातील चतुर्थ श्रेणीच्या एका कर्मचाऱ्याला सार्वजनिक ठिकाणी अश्लील वर्तन केल्याच्या कलमाखाली १९८० साली वीस रुपये दंड झाला होता. त्यावरून त्याची नोकरी गेली. असा क्षुल्लक गुन्हा म्हणजे नैतिक अधःपतन नव्हे, हे ऐकण्यासाठी त्याला १९९६ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. वीस रुपयांसाठी सोळा वर्षे! २०१६ साली त्याच न्यायालयाने पडताळणीच्या प्रकरणांसाठी सविस्तर सूत्रे घालून दिली. तरुण वयातील किरकोळ गुन्ह्याकडे नेमणूक करणाऱ्याने तारतम्याने पाहावे, असा त्यांचा रोख आहे. मात्र त्याच सूत्रांत माहिती दडविण्याबद्दल कडक भूमिकाही आहे. म्हणून अर्जात खरे लिहिणे हेच शहाणपणाचे ठरते.

ब्रिटनने १९७४ साली गुन्हेगार पुनर्वसनाचा कायदा केला. ठराविक मुदतीनंतर लहान शिक्षा 'खर्ची पडली' असे त्यात मानले जाते, आणि मग, काही अपवाद सोडल्यास, ती सांगण्याचे बंधन उरत नाही. आपल्याकडे प्रौढांसाठी असा सर्वसाधारण कायदा नाही. विधिसंघर्षग्रस्त बालकांसाठी मात्र आहे: २०१५ च्या बालन्याय अधिनियमाच्या चोविसाव्या कलमानुसार, काही गंभीर अपवाद वगळता, दोषसिद्धीची अपात्रता लागत नाही आणि मुदतीनंतर नोंदच नष्ट करावयाची असते. सतरा वर्षे अकरा महिन्यांच्या मुलाला जी सोय आहे, ती अठरा वर्षे एक महिन्याच्या मुलाला अजिबात नसावी, हे तर्काला धरून नाही.

संसद असा कायदा करील तेव्हा करील. राज्याच्या गृहखात्याला त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. परवान्याच्या आणि चारित्र्य पडताळणीच्या अहवालात शिक्षेचा दिनांक, ती संपल्याचा दिनांक आणि त्यानंतरची वर्तणूक असे तीन रकाने सक्तीचे करता येतील. 'शिफारस नाही' हे वाक्य ते भरल्याशिवाय लिहू नये, असा आदेश एका परिपत्रकाने काढता येईल. बंधपत्राच्या कारवाईसाठी वर्षानुवर्षे चालत आलेल्या याद्यांतून, ज्यांच्याविरुद्ध दीर्घकाळात काहीच घडलेले नाही त्यांची नावे वगळता येतील. वडिलोपार्जित बंदूक कायद्याप्रमाणे पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केलेली असेल, तर ती विहित मुदतीत सोडवून न घेतल्यास सरकारजमा होते, हेही जमा करून घेताना तेथल्या तेथे लेखी सांगता येईल. तोवर वसई-विरारच्या ज्या अर्जदाराला नकाराचे पत्र येईल त्याने नकाराची कारणे लेखी मागावीत, शिक्षा संपल्याचा तुरुंगाचा दाखला जवळ ठेवावा, आणि अठराव्या कलमाखालच्या अपिलाची मुदत टळू देऊ नये.